तांदळाच्या डब्यावरचा स्विच

१२ जानेवारी १९९४

झालं! गच्चीवर एकच खांब, एकच अँटेना — सोसायटीचा ठराव. आमचे हे आणि वरच्या मजल्यावरचे धर्माजी, दोघंही हौशी रेडिओवाले, दोघांचेही सेट. पण वायर उतरते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. म्हणून स्विच तांदळाच्या डब्यावर! एक नंबर ह्यांचा, दोन धर्माजींचा, तीन रिकामा. फिरवणार कोण? मी! "तुझा हात तिथेच असतो ना," म्हणे.

असतो बाबा. सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असतो.

१५ जानेवारी

नियम ठरला. कोणी बोलत असताना अँटेना काढायची नाही, सेट जळतो. बोलून झालं की पाण्याच्या पाइपवर दोन ठोके, मग मी स्विच फिरवायचा. धर्माजी राई गावचे, जन्म जहाजावर वायरलेस करण्यात गेला. पण धीर म्हणून नाही! "वैनी, माजी पाळी हाय!" जिन्यातूनच ओरडतात. मग ठोके कशाला?

२ फेब्रुवारी

घोटाळा! धर्माजी केरळातल्या दोस्ताशी रंगात आले होते. पाइपवर दोन ठोके पडले. पोळी तव्यावर टाकली, फिरवला स्विच. वर धूर!

ठोके खालच्या दुर्गाबाईंचे. नळाला पाणी आलं की त्या तसेच ठोकतात, कित्येक वर्षं! अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक. आम्हां तीन शहाण्यांना सुचलं नाही.

धर्माजी खाली आले. मला वाटलं, आता झाडतात. म्हणाले, "सेट करू वैनी दुरुस्त. पानी भरलं का न्हाय?"

ह्यांनी मात्र तोंड सोडलं. "तुला यातलं काही कळत नाही. तू नुसता स्विच फिरव!"

फार लागलं. कळत नाही? दोघांची मोर्सची टिकटिक ऐकून ऐकून मला सगळी अक्षरं पाठ झालीत. परवा कुकरची शिट्टीसुद्धा मी वाचायला लागले होते!

९ फेब्रुवारी

रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसणार. ह्यांना सांगायचं नाही. पुस्तकं ह्यांचीच, दुपारी हे ऑफिसात.

२१ मे

पास!! परवाना दिवाळीच्या सुमाराला येईल म्हणे. कोणाला सांगू? शिरा केला. "आज काय विशेष?" — "रवा उरला होता."

८ नोव्हेंबर

परवाना आला. माझ्या नावाचा!

माळ्यावरचा ह्यांचा जुना सेट उतरवला. भंगार म्हणून टाकलेला. दोन-चार ठिकाणी सुटलेल्या तारांना डाग दिले, आणि उठून बसला की! वायर जोडली तीन नंबरला. उद्या बघू. मी हाक मारली आणि कोणी ओच दिली नाही तर?

९ नोव्हेंबर

कुकर लावला. स्विच तीनवर. हे बाहेरच्या खोलीत, कानाला हेडफोन. टिकटिक करून मारली हाक.

हे तिथूनच ओरडले, "अगं, धर्माजींकडून स्विच काढ! कोणीतरी नवीन आलंय! मला अँटेना नाही, तरी कानठळ्या बसतायत. आणि हात काय सुरेख चालतोय! मी उत्तर देतो त्याला!"

म्हटलं, "स्विच तुमच्याकडे फिरवला तर तो गप्प होईल."

"ते कसं?"

"या आत. दाखवते."