दहाची गोळी

मंगळवार, चैत्र. चाकूर.

राग कुणावर काढू, तेच कळत नाही. जिल्हा नवा झाला म्हणून दादांच्या पेन्शनच्या कागदांवर त्यांची सही साहेबांसमोर पुन्हा हवी होती. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की दादांना कंपवात आहे, मेंदूत डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत चालल्यात, म्हणून हाताला हुकूम नीट पोचत नाही. गोळीपासून मेंदू थोडं डोपामीन बनवतो, पण ते दोन-अडीच तासांत सरतं. म्हणून लातूरला कचेरीच्या दारातच दहाला गोळी दिली. अकराला दादांचा हात अगदी शांत होता. साहेब मात्र टँकर बघायला गेलेले. आले दोनला. तोवर गोळी सरली. दुसरी घरी डबीत राहिलेली. माझीच चूक.

पेन कागदावर नुसता थरथरत राहिला. कारकून म्हणाला, "मास्तर, अंगठा लावा की. काय बिघडतंय?"

बुद्धवाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा अंगठा सोडवून ज्यांनी त्यांना सही शिकवली, त्या मास्तरांना हे! अंगठाही थरथरत होता. मग मीच त्यांचं मनगट धरलं आणि अंगठा कागदावर दाबला. मीच. उद्या येतो, असं का नाही म्हणाले? पुन्हा बसची खेप नको होती, एवढंच.

घरी आल्यावर आईनं अंगठा धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला. दादांनी तो मागं सारला.

"टँकरचं पाणी कशाला नासवायलीस? राहू दे शाई. आता हीच माझी सही."