फोटोपुरता हलवलेला दगड

१ जानेवारी १९७८, रविवार. सकाळ

संकल्प: या वर्षी भिवंडीहून मारामारीची एकही बातमी पाठवायची नाही. सत्तर सालापासून बाहेरच्या माणसाला भिवंडी म्हणजे लूम आणि दंगल, तिसरे काही सुचत नाही. ठाण्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर या नात्याने त्या पापात माझाही वाटा आहे. 'दोन गटांत' हे शब्द आता हात आपोआप लिहितो.

त्याऐवजी लेखमाला: 'प्राचीन भिवंडी परिसर'. पुढे पुस्तक. प्रस्तावना कोणाकडून घ्यावी, यावर विचार चालू. घाई नको.

संस्कृत पाठशाळेत घासलेली ही जीभ आजवर लोकांच्या सत्यनारायणातल्या चुका काढण्यापलीकडे कामी आली नाही. आता येईल. सौ. कौसल्येला संकल्प सांगितला. आधी दळण आणा, मग इतिहास आणा, एवढेच म्हणाली.

८ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

लोनाडची लेणी. लेख आजच झाला असता. आग्या माशा. डावा डोळा बंद, ओठ गाढवासारखा. उजव्या डोळ्याने पाहिलेली शिल्पे चांगली वाटली.

पळताना छत्री टाकली नाही, हे नोंदवतो.

परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीत कळले की वळ गावात एका शेताच्या बांधावर अक्षरांचा दगड आहे. माशांनी मला तिकडेच हाकलले असणार. इतिहास असाच घडतो.

१५ जानेवारी, रविवार

दगड आहे! कमरेइतका उंच, अर्धा जमिनीत. वर सूर्यचंद्र, मध्ये झिजलेल्या ओळी, खाली एक चित्र. स्त्री आणि गाढव. सौ.ला दाखवण्यासारखे नाही. जुन्या काळी जमीन दान दिली की असा दगड पुरत. जो ही सीमा मोडेल त्याच्या आईचे काय होईल, ते खाली चित्रात दाखवायचे. अशिक्षितांचीही सोय.

दगडाच्या उगवतीला कोंडूचे शेत, मावळतीला त्याच्या धाकट्या भावाचे, पंढरीनाथचे. कोंडू पूर्णवेळ शेती करतो. पंढरीनाथ भिवंडीत निजामपुऱ्यात लूमवर ड्युटी करून सुट्टीच्या दिवशी नांगराला हात लावतो. बाप वारल्यापासून दोघांत बोलणे नाही. पण भांडणही नाही. बापाने मरताना सांगितले: या दगडापासून त्या चिंचेपर्यंत सरळ रेघ, इकडचे थोरल्याचे, तिकडचे धाकट्याचे. शेजारच्या राहनाळला गोदामे उठू लागल्यापासून इथल्या वीतभर जमिनीकडेही लोक डोळे लावून बसलेत म्हणे. मला त्यात रस नाही.

त्यांची आई गुणाबाई बांधावर वालाच्या शेंगा तोडत होत्या. दगडाला हात लावू लागलो तशा म्हणाल्या, "त्याला नका हलवू, मास्तर. आमचा धनी गेला तवापास्नं ह्यो दगडच दोघांचा बाप हाय."

लोकश्रद्धेचे उत्तम उदाहरण. टिपून ठेवले.

(मी मास्तर नाही. सांगितले. उपयोग झाला नाही.)

दगडावर काय लिहिलंय, हे त्यांनी विचारले. शुभ लिहिलंय, असे सांगितले. म्हातारीला कशाला त्रास.

२२ जानेवारी, रविवार. दुपार

फोटो झाले. आजचा दिवस भिवंडीच्या इतिहासात राहील.

अडचण अशी, की दगडाचे तोंड उत्तरेला. हिवाळ्यात त्या तोंडावर ऊन कधीच पडत नाही. हजार-आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी फोटोचा विचार केला नव्हता. निजामपुऱ्यातला फोटोग्राफर रामनाथ म्हणाला, अक्षर उठणार नाही, काळा ठोकळा येईल. शास्त्रासाठी थोडे धाडस करावे लागते. रात्रपाळी सुटलेले तीन लूमवाले चहापाण्याच्या बोलीवर सोबत आणलेच होते. पहार लावून दगड उपटला, मोकळ्यावर उन्हात उभा केला, काथ्या आणि साबणाने धुतला. मागे झाडे, बांध, गुरे यांची गिचमिड येऊ नये म्हणून दोन बांबूंना घरची पांढरी चादर ताणून बांधली. पाश्चात्त्य विद्वान असेच करतात. कौसल्येला चादरीचे सांगितलेले नाही.

शेतात कोणीच नव्हते, हे बरे झाले. पंढरीनाथ जादा ड्युटीवर, कोंडू आईला घेऊन कल्याणच्या लग्नाला.

काम झाल्यावर दगड जागेवर ठेवला. साधारण. लूमवाल्यांना ताकीद दिली की खड्डा, ढेकळे, काही दिसता कामा नये. स्थळ पूर्ववत दिसले पाहिजे. त्यांनी पायांनी माती इतकी सफाईने सारखी केली की मलाच ओळखू येईना. दगड पूर्वी किंचित वाकडा होता, आता ओळंब्यात आहे. ही सुधारणाच म्हणायची.

२७ जानेवारी, शुक्रवार

फोटो हाती आले. अक्षर न् अक्षर! दगड पासपोर्टला बसल्यासारखा दिसतो, असे रामनाथ म्हणाला. स्तुती म्हणून घेतली.

कौसल्येने चादरीवर शेण कुठून आले, हे विचारले. लेखनात व्यग्र होतो.

२९ जानेवारी, रविवार

वळला फोटो दाखवायला गेलो, तर बांधावर दोघे भाऊ बोलत होते! इतक्या वर्षांनी! दुरून आनंद वाटला. जवळ गेल्यावर शब्द कळले. लिहिण्यासारखे नाहीत.

पंढरीनाथचे म्हणणे, दगड त्याच्या अंगाला सरकलाय, रेघ पार चिंचेपर्यंत वाकडी झाली, हे दादाचेच काम. कोंडूचे म्हणणे, सुट्टीला येऊन पहार कोण मारतो ते गावाला ठाऊक हाय. मला वाटते, मूळ मुद्दा वेगळा आहे. दगडाचे महत्त्व आता दोघांना कळू लागले आहे. पुढेमागे सरकारी फलक कोणाच्या हद्दीत लागणार, ही खरी चुरस. वारसा-जागृती म्हणतात ती हीच. फक्त तिला वळण हवे.

पंढरीनाथने ढेकूळ भिरकावले. माझ्या छत्रीची एक काडी मोडली. कोंडूने त्याच्या पाठीवर बसून त्याचे तोंड मातीत घासले, तोवर लोक जमले.

दगड मी फोटोपुरता हलवला होता, हे सांगणार होतो. पण वातावरण शास्त्रीय चर्चेला अनुकूल नव्हते.

२ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे पंढरीनाथच्या पेंढ्याची गंज जळाली. त्याने जाऊन कोंडूच्या बैलाचा पाय कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला. बैल अजून तसाच पडून ओरडतो आहे, असे वळहून आलेला दूधवाला सांगत होता. मुका जीव. वाईट वाटले.

साप्ताहिकाच्या संपादकांना कुठून तरी कळले. त्यांचे कार्ड: 'वळ प्रकरणाची बातमी त्वरित पाठवा. इतिहासाचा लेख मिळाला, जागा झाल्यावर पाहू.' पाच ओळी पाठवल्या. संकल्प मोडला असे मानत नाही. दोन भाऊ म्हणजे दोन गट नव्हेत.

निर्धार: रविवारी वळला जाऊन स्वतः समेट घडवायचा. शिलालेखाचेच प्रकट वाचन करायचे. आठशे वर्षांपूर्वीचा आवाज ऐकला की आजचे क्षुद्र भांडण लाजून बसेल. व्याख्यानाचा मसुदा तयार. थोडा लांबला आहे.

५ फेब्रुवारी, रविवार. मावळतीला

डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्या खांद्यावर काठी बसली.

जमेल तसे लिहितो. अर्धे गाव जमले होते. गुणाबाई चिंचेखाली. भाऊ दगडाच्या दोन अंगांना. मी भूमिदानाच्या परंपरेपासून सुरुवात केली. लोक शांत होते. लागलीच लेखाकडे आलो. मोठ्याने, सुस्पष्ट उच्चारांत वाचले. मग सर्वांना कळावे म्हणून सोप्या मराठीत अर्थ सांगितला की जो ही सीमा मोडेल त्याच्या आईला गाढव.

दोघांची आई एकच, हा मुद्दा तयारीत निसटला होता.

आधी कोणाला काही कळले नाही. मग कोंडू हळूच म्हणाला, "ऐकलास, पंढऱ्या? तुझ्यापायी आयेला हे ऐकाया लागलं."

पंढरीनाथ म्हणाला, "शीमा तू मोडलीस. आयेला गाढव तू लावलंस."

त्यानंतरचे डोळ्यांसमोरून जात नाही. पंढरीनाथच्या कमरेला कोयता होता. कोंडूने अडवायला हात वर केला आणि उजव्या हाताची दोन बोटे बांधावर पडली. त्याने ओरडण्याऐवजी खाली वाकून ती पाहिली. मग डाव्या हातात पहार घेतली. पंढरीनाथच्या डोक्यावर ती बसल्याचा जो आवाज झाला, तसा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. नारळाशी तुलना करणार होतो. करत नाही. कोंडूच्या बाजूचे चार, पंढरीनाथच्या बाजूचे चार, मग सगळेच. दगडाच्या सूर्यचंद्रावर रक्त उडाले. मी मध्ये 'थांबा' म्हणालो. बहुधा त्याबद्दलच काठी बसली.

गुणाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. दोन्ही लेकांच्या मध्ये उताण्या पडल्या, म्हणाल्या, आता मला मारा. तेव्हा थांबले.

तेव्हा मी सांगितले की दगड मी हलवला होता. फोटोपुरता.

कोणी मला मारले नाही. मारायला कोणाच्या अंगात त्राण नव्हते.

६ फेब्रुवारी, सोमवार

सरकारी दवाखाना. कोंडूची बोटे जोडता आली नाहीत. डॉक्टर म्हणाले, कोणी बांधावरून उचलून आणलीच नाहीत.

फार शिव्या ऐकायच्या तयारीने खाटेजवळ बसलो. कोंडूने पट्टी बांधलेला हात छातीवर घेतला. मग म्हणाला, "म्हंजे पंढऱ्यानं न्हाय हलवला?"

नाही, म्हणालो.

"आन् तुमाला ठावं हाय, कुठं व्हता त्यो."

मी मान हलवली. हो म्हणून, असे तो समजला.

"मग झालं. तुमी फौजदाराला दावा. दगड पुन्ना तिथं बसवू."

त्याच्या तोंडावर हसू आले, हे लिहून ठेवतो.

पंढरीनाथ पलीकडच्या वॉर्डात, डोक्याला टाके, दाराशी पोलीस. तोही हेच म्हणाला: मास्तर शिकलेले हायेत, ते सांगतील तिथं माझी कबुली. दादाची बोटे जोडता आली नाहीत, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही. मी सांगितले नाही.

दगडाची उंची, रुंदी, जाडी, ओळी, अक्षरवळण, अंदाजे शतक, सगळे माझ्याकडे लिहिलेले आहे. धीर आला. त्यातून काहीतरी निघेलच.

८ फेब्रुवारी, बुधवार

काही निघाले नाही. दगड कुठे उभा होता, एवढे लिहायचे राहिले आहे. बांधावर उभा होता ते कोणालाही दिसत होते, म्हणून लिहिले नसावे.

फौजदारांनी पोलीस ठाण्यात बोलावले. फोटो काढून टेबलावर ठेवले, म्हटले, हा पुरावा. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. सज्जन माणूस. म्हणाले, "फोटो सुरेख आहेत. पण हा दगड आहे कुठे?"

बांध नाही, चिंच नाही, शेत नाही. पांढरी चादर.

चादर आमचीच आहे, असे मी सांगितले.

घरी येऊन त्या तीन लूमवाल्यांचा शोध घेतला. त्यांच्या मुकादमाने सांगितले की लग्नसराईला मुलुखात गेलेत, परतायचे काही खरे नाही. रामनाथ म्हणाला, मी कॅमेऱ्यातून चादरच बघत होतो.

कौसल्येने खांद्याला हळद-तेल लावून शेकले. ती टोमणा मारील म्हणून वाट पाहत होतो.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज जागेवर पंचनामा. कोंडू हाताला फडके बांधून. पंढरीनाथ दोन शिपायांच्या मध्ये. दोघांच्या मागे तेच गाव, तेच लोक, या वेळी बिनकाठीचे. गुणाबाई चिंचेखाली, आमच्याकडे पाठ करून. बैल दिसला नाही. विचारले नाही.

फौजदार म्हणाले, घाई नाही, दगड मुळात होता तिथे नुसते उभे राहा.

मी उभा राहिलो. मग थोडा उगवतीला सरकलो. कोंडूच्या लोकांत कुजबुज झाली. मावळतीला आलो. दुसरीकडे कुजबुज झाली. बसून माती चाचपली. इतकी सारखी माती मी कुठल्या शेतात पाहिली नाही. पायाखालची सगळी जागा अगदी बरोबर वाटत होती. दोन पावले पलीकडची तर त्याहून बरोबर.

कोंडू म्हणाला, "सांगा मास्तर. पंढऱ्याकडं जास्त जात आसल तरी सांगा. माझं काय म्हननं न्हाय."

पंढरीनाथ खाली बघत म्हणाला, "दादा म्हनतो तसंच. सांगा."

बाप वारल्यानंतर दोघे पहिल्यांदाच एक बोलले. लोक ऐकत होते. त्या क्षणी मी कुठेही बोट ठेवले असते तरी चालले असते. मला माहीत असायलाच हवे होते असे नाही; फक्त खात्रीने बोलायला हवे होते, आणि ते मला आयुष्यभर जमत आले आहे.

आज जमले नाही. सांगता येत नाही, म्हणालो.

मग पंढरीनाथने हळूच विचारले की मग मोजणी लावायची, का कोर्टात जायचे. कोंडू म्हणाला, आता वकीलच करावा लागल. दोघेही माझ्याकडे न बघता बोलत होते, आणि लवकरच एकमेकांकडेही बघेनासे झाले. त्यांच्या मागची माणसे पुन्हा दोन बाजूंना झाली.

दगड मुद्देमाल म्हणून बैलगाडीत घातला. गुणाबाई उठल्या आणि चालू लागल्या. ती वाट दोघांपैकी कोणाच्याच घराकडे जात नव्हती. हाक मारायला कोणी पुढे झाले नाही. कोणी व्हायचे, हेच ठरत नसावे.

फौजदारांनी माझा जबाब वाचून दाखवला: 'दगड मी हलवला. मूळ जागा सांगता येत नाही.' मी सही केली. ते म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे.