रेषेपुढची दहा पावलं

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
क्रीडा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : धावपटू 'वावटळ' हिच्या स्मृतिदिनी मैदानावर मूळपेशीदात्यांची नोंदणी करू देण्याबाबत.
संदर्भ : माझे तीन अर्ज व त्यांवरील आपला एकच शेरा.

महोदय,

१. मी या मैदानाचा राखणदार. एकवीस वर्षे धावपट्टीवर फक्की मारून पांढऱ्या रेषा आखतो. हा चौथा अर्ज चिडून लिहीत आहे. भाषेत कमीजास्त झाल्यास क्षमा असावी.

२. वावटळ माझ्या डोळ्यांदेखत वाढली. ओल्या फक्कीवर पाय देई, मी ओरडे, आणि ती "काका, उद्या परत मारा की!" म्हणत पसार होई. शर्यत संपली तरी ती रेषेवर थांबत नसे, पुढे दहा पावलं जायचीच. रेषेवर थांबायचं ठरवलं की पाय आधीच ढिले पडतात, असं तिचं म्हणणं. रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. जुळणारा मूळपेशीदाता शेवटपर्यंत मिळाला नाही.

३. रुग्णालयात तिच्याच खाटेवर आज त्याच आजाराची अकरा वर्षांची एक मुलगी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, हाताशी फार तर तीन महिने. मुलीचा बाप रोज फाटकाशी येऊन "झालं का काही?" विचारतो. काय सांगू त्याला? मला स्वस्थ बसवत नाही. नोंदणीसाठी रक्तसुद्धा काढत नाहीत; गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झाले.

४. आपला शेरा : "मैदान केवळ क्रीडाप्रकारांसाठी. क्रीडाप्रकार नमूद करावा." म्हणून दुसऱ्या अर्जात मी 'रांगेत उभे राहणे' लिहिले, तिसऱ्यात 'तोंड उघडणे'. पुन्हा तोच शेरा! तिचा पुतळा मात्र आपण चुटकीसरशी मंजूर केलात, तोही नेमका अंतिम रेषेवर. जिथे ती जन्मात थांबली नाही, तिथे तिला कायमची उभी करणार? कमाल आहे साहेब.

५. सबब, आता रीतसर. क्रीडाप्रकार : चारशे मीटर धावणे, एक फेरी. रमतगमत आलेल्यांनाही प्रवेश. काड्यांचे टेबल रेषेपुढे दहा पावलांवर. 'विजेत्याचे नाव' हा रकाना कोरा ठेवला आहे. मुलीला जुळणारा माणूस सापडला की भरू.

६. येत्या रविवारी, दिनांक ९ रोजी, सकाळी सहाला फाटक मी उघडणार आहे. सही आली तर आपल्या परवानगीने. नाही आली तर राजीनामा सोबत जोडला आहे. त्यावर तारीख मी घातलेली नाही, ती आपण घालावी. किल्ली मात्र सोमवारीच परत मिळेल.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
मैदान राखणदार
दिनांक : ३ मार्च

सोबत : डॉक्टरीणबाईंचे पत्र, भरलेला नमुना, राजीनामा.