मुतवल्लीपेक्षा रुंद कपाट

३ मार्च
समोर राहणाऱ्या मुतवल्लीच्या मुलीचं लग्नाचं सामान आज दमनहूर शहरभर मिरवून सासरी गेलं. तीन ट्रक. पुढे ढोल. मधल्या ट्रकवर नीश, म्हणजे ते काचेचं कपाट, ज्यातल्या बशीत कुणी जन्मात जेवत नाही. बायको, इन्साफ, खिडकीतून हलेना. तिला सांगितलं, लोकांना अक्कल नाही. आपल्या रबाबच्या लग्नात तिला लागेल तेवढंच द्यायचं. फायनल.

५ मार्च
रबाबला विचारलं, लग्न होऊन हाझिमकडे जाताना काय हवं. म्हणाली, "बाबा, ओव्हरलॉकचं मशीन. घरीच शिवणकाम करीन. हाझिमच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी जागा आहे." समंजस पोरगी. माझ्यावर गेलीय.

९ मार्च
चहाच्या दुकानात मुतवल्ली. सगळ्यांदेखत म्हणाला, "काय वगदी मास्तर, तुमचे ट्रक किती? की हातगाडी सांगितलीय?" लोक हसले. मीही हसलो. अजिबात लागलं नाही.
रात्री जेवलो नाही, ते पोट जड होतं म्हणून.

१० मार्च
फर्निचरच्या बाजारात चक्कर. भाव माहीत असलेले बरे. मुतवल्लीने नेलं तसंच कपाट दुकानदाराने आपणहून दाखवलं. शेजारी त्याहून वीतभर रुंद एक होतं. नुसतं हात लावून पाहिलं.

११ मार्च
ऑर्डर दिली. मुतवल्लीचा इथे काही संबंध नाही. रुंद वस्तू टिकते.

१४ मार्च
घरात अबोला. रबाब म्हणते, "दोन खोल्या आहेत, बाबा. हे ठेवलं तर मशीन कुठे ठेवू?" तिला समजावलं, शिवण काय, पुढेही होईल. आल्यागेल्याला आधी कपाट दिसतं. ती गप्प झाली. गप्प म्हणजे कबूल.
तसाही ओव्हरलॉकचा पैसा कपाटात गेलाय. तिचं जुनं मशीनही विकून टाकलं. ट्रकवर जुनी वस्तू बरी दिसत नाही.

२ एप्रिल
सकाळ: तीन ट्रक. सामान दोनात मावत होतं, पण ऐसपैस लावायला सांगितलं. इन्साफ कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तिसऱ्यात नुसत्या उशा आहेत." म्हटलं, उशा सामानात धरत नाहीत की काय. मुतवल्ली दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दोनदा.

संध्याकाळ: हाझिमच्या इमारतीत कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. हमाल वरच्या बाजूला, मी खालच्या, मधे कपाट. शेजाऱ्यापाजाऱ्यांना घरी जायला वाट उरली नाही. हाझिमचा भाऊ म्हणाला, "मास्तर, अर्धं कापू या." वर रबाब नव्या घराच्या दारात उभी होती. शेवटी कपाट खाली आलं, माझ्या चेचलेल्या अंगठ्यासकट.
ते परत आमच्या घरी. तात्पुरतं.

६ एप्रिल
दुकानदार परत घेत नाही. कोपऱ्याचा टवका उडालाय म्हणे. बैठकीत एकच भिंत रिकामी निघाली, बाल्कनीच्या दाराची. आता दार उघडत नाही. इन्साफ कपडे खुर्च्यांवर वाळत घालते. बसायला खुर्ची नाही, पण घराला भारदस्तपणा आलाय.

२५ एप्रिल
मुतवल्लीची बायको कपाट बघायला आली. "रुंद आहे हं," म्हणाली. मग, "आत काही नाही?" इन्साफने मधल्या मधे सांगून टाकलं, चिनी मातीचा सेट यायचाय. आता आणावाच लागणार. शब्द गेलाय.

१८ मे
रबाब आली होती. कपाटाच्या कडेने तिरकी होत आत शिरली. ती आता बाजारातल्या एका शिंप्याकडे कामाला जाते. दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या वेळेने. मी म्हटलं, "पोरी, इथून पुढे तुला हवं ते सांग. मी आणतो."
तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, आता माझ्यासाठी काही आणू नका. एवढं ऐका."
म्हणजे पोरगी समाधानी आहे.
चहा न घेताच गेली, कामाला उशीर होत होता. खाली रस्त्यावरून जाताना तिला हात करावा म्हणून बाल्कनीकडे उठलो.
मधे कपाट. त्याच्या काचेपाशी थोडा वेळ उभा राहिलो. मग बसलो.