सुलटे केलेले एकवीस नकाशे

३ जानेवारी, सकाळी ७
हिला जाऊन महिना झाला. हिचं फारसी भूगोलाच्या हस्तलिखितावरचं पुस्तक मी पुरं करणार. प्रेसला महिनाअखेर द्यायचंय. रोज दोन तास फारसी. मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, तेव्हा नकाशांचं टेन्शन नाही.

४ जानेवारी
आठ अक्षरं झाली. सोपं आहे.

९ जानेवारी
फारसी थांबवली. चष्म्याचा नंबर बदललाय. शिवाय पुस्तकाचा खरा जीव नकाशांतच.

१२ जानेवारी
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आधी आईची टिपणं वाचा. म्हटलं, तुझ्या आईचं अक्षर पस्तीस वर्षं वाचतोय. म्हणाली, हो, वाण्याच्या यादीत.
मुलगी आईवर गेलीय.

१५ जानेवारी
मोठी चूक सापडली. एकवीसच्या एकवीस नकाशांत समुद्र वर, डोंगर खाली. मुलीचा शाळेतला अ‍ॅटलस शेजारी ठेवून पाहिलं. सगळंच उलटं. नऊ वर्षं सुट्ट्यांत, हस्तलिखित जिथे आहे त्या लायब्ररीत बसून हिने हाताने ट्रेस केले, पण तपासायला कोणी नव्हतं. मला एकदा विचारायचं तरी.

२४ जानेवारी
सगळे कापून, फिरवून, नव्या कागदावर चिकटवले. प्रत्येकावर उत्तरेचा बाण, वॉटरप्रूफ शाईत. नावं उलटी झाली, पण मला ती सुलटीही वाचता येत नव्हती. काम झकास झालंय. हिची लाज राखली.

२८ जानेवारी
हिची विद्यार्थिनी आली. आता कॉलेजात हिच्याच जागी शिकवते. एकेक नकाशा उलटा धरून बघितला. मग म्हणाली, काका, या जुन्या फारसी नकाशांत दक्षिण वरच असते. बाई पहिल्या तासाला हेच सांगायच्या.
म्हटलं, मला कल्पना होती.
आधी झेरॉक्स काढली असेलच ना, म्हणाली. म्हटलं, अर्थात.
चहा न घेता गेली.

२९ जानेवारी
झेरॉक्स काढायला हवी होती. पण मला कोणी सांगितलं नाही.

३१ जानेवारी
टिपणं उघडली. पहिलं पान, पहिली ओळ: ‘दक्षिण वर.’ खाली बारीक अक्षरात: ‘ह्यांना जेवताना चारदा सांगितलं. चारही वेळा हूं म्हणाले. पुस्तक छापून आलं की वाचतील.’
दुपारी ब्लेडने एक बाण खरवडला. बाण निघाला नाही, शेजारचा समुद्र मात्र फाटला.
वीस उरले.