सात दाढ्या आणि एक गाढव (मिळाल्यास)

चिखली, शनिवार

प्रिय शलोमीताईस धाकट्या सुवार्ताचा प्रभूच्या नावात सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? आम्ही अकरा बायांनी तुझ्या हॉलमध्ये मुक्काम ठोकला आणि ते बिचारे गॅलरीत निजले, थंडी बाधली तर नाही ना? (तीळतेल चोळ. कौशल्याबाईंनी सांगितलेला लेप लावू नकोस, त्याने त्यांच्याच मिस्टरांची कातडी सोलली होती.)

तर तुमच्याकडच्या विधानसभा अधिवेशनाची हकीकत. आमच्या मेथडिस्ट महिला मंडळाने उन्हाळ्यापासून एकच धोशा लावला होता, की बाजाराच्या आवारात धान्य निवडणाऱ्या बायांसाठी कडी लागणारा संडास हवा, आणि तो कुणाच्या मेहेरबानीने नको, कायद्यात लिहिलेला हवा. तीनशे बारा सह्या आणि अंगठे जमवले. पहिला अंगठा कलाबाईचा. ती आपल्या चर्चची नव्हे, भीमनगरातली, पण वीस वर्षं चाळणी धरून बसते, म्हणून तिलाही बरोबर नेलं.

आमदारसाहेबांनी दहा मिनिटं दिली. आता मंडळाची रीत तुला माहीत आहे, प्रार्थनेशिवाय आम्ही चहाचं आधणसुद्धा ठेवत नाही. अध्यक्ष कौशल्याबाईंनी डोळे मिटायला सांगितले. साहेबांनी मिटले, त्यांच्या पीएने मिटले, दारातल्या पोलिसाने टोपी काढून मिटले. मग बाईंनी जी उत्पत्तीपासून सुरुवात केली, ती हव्वेला निदान झाडांचा आडोसा होता, आमच्या बायांना तोही नाही, इथवर यायला नऊ मिनिटं लागली. वाटेत साहेबांचा मधुमेह, त्यांच्या सुनेचं बाळंतपण आणि (हे जरा जास्तच झालं) त्यांच्या पापांची क्षमा, एवढंही मागून झालं. साहेब दोनदा खाकरले. पण देवाशी बोलणाऱ्या बाईला मध्येच थांबवायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी सगळ्यांत मोठ्याने आमेन त्यांनीच म्हटलं.

उरलेलं एक मिनिट कलाबाईने घेतलं. "साहेब, मी कामाले जातानी पाणीच नाई पेत. पेलं तं जाऊ कुठी?"

मला तर रडूच आलं. साहेबांनी मान खाली घालून सह्यांचा लिफाफा घेतला आणि मागणी रास्त आहे, सोमवारी हा कागद सभागृहात वाचून दाखवतो, म्हणाले.

आम्ही गाणी म्हणत एसटीत बसलो. मेहकरला चहाला उतरलो तेव्हा नाताळच्या नाटकाची सामानयादी काढावी म्हणून पिशवी उघडली, तर यादी नाही. ती लिफाफ्यात गेली होती. म्हणजे सोमवारी साहेब भर विधानसभेत उभं राहून मेंढपाळांसाठी सात दाढ्या, राजांसाठी तीन मुकुट आणि एक गाढव (मिळाल्यास) मागणार. सगळ्यांनी कौशल्याबाईंना धारेवर धरलं, कारण पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मीही चार शब्द सुनावले. अध्यक्षांनी इतकं गाफील राहून कसं चालेल?

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना सलाम.

तुझी,
सुवार्ता (सेक्रेटरी)

ता.क. लिफाफा मी भरला होता. तुझ्या स्वयंपाकघरात, चष्म्याशिवाय. सह्यांचे कागद तुझ्या मसाल्याच्या डब्याखाली असतील, त्यांच्यावरच मी चहाचं पातेलं उतरवलं होतं. ते पुसून सोमवारी दहाच्या आत भाऊजींच्या हाती साहेबांच्या खोलीवर पोचव. (गुडघा दुखत असेल तर रिक्षाने.) फोनच केला असता, पण कौशल्याबाई सकाळपासून माझ्यासमोर बसून रडताहेत, म्हणून हे पत्र शेजारच्या रेणुकाबरोबर आजच्या गाडीने पाठवते.

ता.क. दुसरा. कलाबाईला यातलं काही सांगितलेलं नाही. साहेब हो म्हणाले म्हणून ती आज तांब्याभर पाणी पिऊन कामाला गेली.

ता.क. तिसरा. आत्ताच पीएचा फोन आला. गाढवाची सोय झाली, मोताळ्याहून येईल, दाढ्यांचं बघतो म्हणाले. ताई, हा माणूस कागदावर असेल ते करतो. कागद तेवढा पोचव.