तीर्थाची पळी

प्रिय अण्णा,

उद्या ठाण्याच्या कॉलेजात माझा पहिला वर्ग. एखाद्याचं हृदय बंद पडलं तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, ते मेडिकलच्या मुलांना शिकवायचंय. तुम्हाला सोडून हे आधी कोणाला सांगणार?

आठवतंय? सोसायटीच्या सत्यनारायणाला गच्चीत खुर्च्या मांडता मांडता तुम्ही कोसळलात. दम लागत होता तर बसायचंत ना जरा! मी तेव्हा बारावीत होते. लोकांनी तुम्हाला उठवून बसवलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. आईने पूजेतली पळी उचलून तुमच्या तोंडात तीर्थ घातलं. छाती दाबायला हवी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तुमच्या जिवासाठीच धडपडत होते हो.

तेव्हापासून कुठल्याही पूजेला आई लांबूनच नमस्कार करते. तीर्थाला हात पुढे करत नाही. मला वाटायचं, देवावर रुसली असेल.

आज दुपारी डोंबिवलीच्या घरी मी लोडावर छाती दाबण्याचा सराव करत होते. आई शेजारी वाल सोलत होती. मी वर्गात बोलावं तसं मोठ्याने बोलत होते, की बेशुद्ध माणसाला उठवून बसवू नका, त्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आईचे हात थांबले.

"मी घातलं होतं," ती म्हणाली. "त्यानेच गेले का गं हे?"

इतकी वर्षं हे पोटात ठेवून जगली ती! अण्णा, एकदा स्वप्नात येऊन तरी तिला सांगायचंत.

मी तिला जवळ घेतलं. तुम्ही कोसळलात तेव्हाच हृदय थांबलं होतं, पळीभर तीर्थाने ते थांबत नसतं, असं सांगितलं. तिने वाल बाजूला सारले. मग पदराला हात पुसून लोडापाशी आली आणि कसं करायचं ते दाखव म्हणाली. मी तिच्या हातांवर माझे हात ठेवून दाबलं.

"इतक्या जोरात?" ती म्हणाली. "त्यांना दुखलं असतं गं."

आणि रडली. तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडली नव्हती.

पाणी घालू नका, हे उद्या मी शिकवणारच. पण पुढचंही शिकवीन, हा माझा शब्द. पाणी पाजणारं माणूस तिथे असेलच, त्याच्यावर ओरडू नका. आणि पेशंट गेलाच, तर निघण्याआधी त्या माणसाजवळ बसा. त्याने विचारायची वाट न बघता सांगा, की तुमच्यामुळे नाही गेले ते.

तुमची,
मंगल